उपवासकाळात क्लाराचं लग्न

जानेवारीपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत मी व्हर्नन डाबरेशी सतरा वेळा लग्न केलं, आणि सतराही वेळा मला त्याचा गळा दाबावासा वाटला.

ही लग्नं दुबईत, अल बर्शाच्या एका स्टेकहाउसमध्ये व्हायची. दर शुक्रवारी आणि शनिवारी, संध्याकाळी आठ वाजता, मेन कोर्स आणि डेझर्टच्या मध्ये. हॉटेलचं नाव ‘बफेलो क्रीक’. भिंतीवर शिंगं, खुर्च्यांवर गाईचं खोटं कातडं, सगळ्या स्टाफच्या डोक्यावर हॅट. मी तिथे कॅप्टन, पामेला तुस्कानो, गाव भुईगाव, वसई. व्हर्ननही कॅप्टन, तोही वसईचाच, नंदाखालचा. कॅप्टन म्हणजे जहाजावरचा नव्हे. वेटरच्या वर आणि मॅनेजरच्या खाली जो लोंबकळत असतो ना, तो.

आता लग्न का, ते सांगते. आमचे मॅनेजर अजीजभाई श्रीवर्धनचे. लहानपणी त्यांनी व्हिडिओवर भाड्याने आणून काउबॉयचे इतके पिक्चर पाहिले की डोक्यात घोडेच घोडे. त्यांनी स्वतः नाटक लिहिलं. अठराशे ब्याऐंशी साल, अमेरिकेतलं कॅन्सस, माळरान. क्लारा नावाची विधवा, तिच्या चाळीस गाई. शेजारी जेड नावाचा आडमुठा माणूस. दोघांच्या हद्दीवर एकच विहीर. दोघं विहिरीवरून भांडतात, बंदुका काढतात, मग दुष्काळ पडतो, एका गाईला वासरू होतं, दोघांची मनं वितळतात आणि पाद्री येऊन लग्न लावतो. पहिल्या ड्राफ्टमध्ये क्लारा अंगणात सुपारी वाळत घालायची, ते मी काढायला लावलं. क्लारा मी, जेड व्हर्नन. घोड्याचा पुढचा अर्धा भाग म्हणजे आगाशीचा लेस्टर, मागचा अर्धा ज्याची ड्युटी असेल तो. आणि पाद्री स्वतः अजीजभाई. पांढरी कॉलर लावली की त्यांचा चेहरा असा काही पवित्र व्हायचा की आमच्या गावच्या फादरांनी शिकून घ्यावं.

व्हर्ननचं आणि माझं वैर नाटकाच्या फार आधीचं. गिऱ्हाईक जाताना गूगलवर रिव्ह्यू लिहितं, त्यात ज्याचं नाव येतं त्याला मान. दर सोमवारी किचनच्या दारावर आकडे लागायचे. त्याचे दोनशे बारा, माझे दोनशे नऊ. हे तीन त्याने माझ्या टेबलांवरून पळवले होते, केकवर मेणबत्ती लावायला म्हणून मध्ये घुसून. मग मीही त्याच्या खिडकीजवळच्या एका जर्मन कुटुंबाला फुकटचं आइस्क्रीम खिलवून हिशेब चुकता केला. तेरा वर्षं तो दुबईत, अकरा वर्षं मी. एका ताटात जेवलो नाही कधी.

त्यातच अल मजाजची बातमी आली. शारजाला, खालिद लगूनसमोर, आमची नवी शाखा निघणार होती. तिथे मॅनेजर पाहिजे होता आणि तो आमच्यातूनच निवडणार होते. मला ती खुर्ची हवी होती. का, तेही सांगते, लाजण्यासारखं काही नाही. अकरा वर्षं मी पाच बायकांबरोबर एका खोलीत राहतेय. वरचा पलंग. माझं असं एक दार नाही की जे मी आतून लावावं आणि कोणी ठोठावू नये. मॅनेजरला स्टुडिओ फ्लॅट मिळतो. आईला व्हिजिटवर आणता आलं असतं. आईने अजून माझं राहतं घर पाहिलेलं नाही, कारण दाखवण्यासारखं घरच नाही. तर ही खुर्ची एक, आणि ती मागणारे आम्ही दोघं.

त्या वर्षी रमझान आणि आमचा उपवासकाळ चार दिवसांच्या अंतराने लागले. रमझान लागताच शो बंद झाला, ईदच्या तीन दिवसांत पुन्हा करायचा ठरलं. राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्याच दिवशी, माझ्या एका मावसबहिणीने, तिचं भलं होवो, आमच्या शोचा व्हिडिओ आईला पाठवला. संध्याकाळी आईचा फोन. मी म्हटलं, आई, नाटक आहे. ती म्हणाली, नाटक असलं तरी तोंडाने हो म्हणतेस ना? लग्न फादर लावत नाही, बाय, दोघांच्या हो म्हणण्याने लागतं, फादर नुसता साक्षीला. झालं ते झालं, पण आता चाळीस दिवस नाही. आमच्याकडे उपवासकाळात लग्न नसतं. बँड नाही, हळद नाही, साडीची घडीसुद्धा मोडायची नाही. मी काही फार देवभोळी नाही. शुक्रवारी मटण सोडते, आणि त्या वर्षी शिव्या सोडल्या होत्या, त्याच जड जात होत्या. पण आईला खोटं सांगता येत नाही मला, व्हिडिओ कॉलवर माझ्या नाकपुड्या फुगतात. मी म्हटलं, बरं, नाही करणार.

दुसऱ्या दिवशी अजीजभाईंच्या केबिनमध्ये गेले तर व्हर्नन आधीच उभा. आणि तो म्हणत काय होता? की ईदला भांडण करतो, बंदुका काढतो, वासरू काढतो, पण लग्न नाही, लेंट आहे, उपवासकाळ. मी म्हटलं, माझंही तेच. आम्ही दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलं की जणू चोरीच पकडली. बफेलो क्रीकमधल्या तीन वर्षांत आमचं पहिल्यांदा एकमत झालं होतं.

अजीजभाई उपाशीपोटी होते, डोकं दुखत होतं, तरी शांतपणे ऐकलं. धर्माच्या गोष्टीत ते कोणाला टाकून बोलत नाहीत. पहिले दोन दिवस भांडणावर संपवू म्हणाले. पण तिसऱ्या दिवशी मालक येणार होते, बैरूतहून आलेल्या बायकोला घेऊन, आणि त्या बाईंना लग्नच पाहायचं होतं.

“मलाही वर उत्तर द्यायचंय,” अजीजभाई म्हणाले. “तिसऱ्या दिवशी जो लग्नाला उभा राहील, त्याचं नाव मी अल मजाजसाठी पुढे करीन. दुसरा कोणी जोडीला मी शोधतो. विचार करा.”

बाहेर आल्यावर व्हर्नननेच हात पुढे केला. दोघांपैकी कोणीच उभं राहायचं नाही, म्हणजे दोघांना सारखाच चान्स. मी हात मिळवला. त्याच्यावर विश्वास मात्र काडीचा नव्हता.

तो महिना आम्ही रोज दुपारी चार वाजता रिकाम्या हॉलमध्ये नवा शेवट बसवत होतो. लग्नाशिवाय नाटक संपवायचं म्हणजे काय गंमत आहे? क्लाराने विहिरीवर कुलूप घातलं, जेडने कुलूप फोडलं, क्लाराने त्याची हॅट विहिरीत टाकली. व्हर्नन माझ्या अंगावर ओरडायचा तेव्हा मला खरंच मजा यायची. इतकी वर्षं दबक्या आवाजात भांडलो होतो, गिऱ्हाइकाला ऐकू जाऊ नये म्हणून दात दाबून, ओठांवर हसू ठेवून. आता अजीजभाई स्वतःच म्हणत होते, जोरात, अजून जोरात.

सूर्य मावळला की अजीजभाई खजूर खायचे आणि आम्हालाही बसवायचे. शुक्रवारी आमच्यासाठी मटणाशिवाय काही नको का, म्हणून व्हर्नन करामाहून वडापाव आणायचा. मला एक, त्याला एक, अजीजभाईंना दोन. बसला की तो डावा पाय समोरच्या खुर्चीवर लांब करायचा. मी विचारलं तेव्हा कळलं, गुडघा गेलाय. दोन वर्षं झाली, जिना आडवा होऊन उतरतो, पण फ्लोअरवर कोणाला दिसू देत नाही. “मॅनेजर बसून काम करतो,” एवढंच म्हणाला. मग मीही त्याला दाराचं सांगितलं. मला वाटलं हसेल. तो म्हणाला, त्याच्या खोलीत आठजण आहेत आणि दार आहे, पण कडी नाही.

तर मला तो आवडायला लागला. झालं, सांगून टाकलं. वैऱ्याला गुडघा असतो हे कळलं की पंचाईत होते.

ईदला पहिल्या दिवशी भांडणावर पडदा पडला, तर लोकांनी शिट्ट्या मारल्या. दुसऱ्या दिवशीचा शो संध्याकाळी होता, म्हणून मी सकाळी चर्चला गेले. मनात खुर्ची डोकं वर काढत होती ना. म्हटलं फादरांनाच विचारावं, नाटकातलं लग्न लेंटमध्ये चालतं का. चालत नाही म्हणाले तर प्रश्न मिटला, मोह गेला.

फादर खो खो हसले. म्हणाले, “बाय, नाटकात माणूस मरतो तेव्हा आपण त्याला पुरतो का? कर खुशाल. गेल्या आठवड्यात एकजण हेच विचारून गेला. गुडघा दुखत होता बिचाऱ्याचा, सगळी प्रार्थना उभ्यानेच केली. त्यालाही मी हेच सांगितलं.”

माझं टाळकंच सटकलं. म्हणजे व्हर्ननला आठवडाभर माहीत होतं! रोज माझ्यासमोर वडापाव खात होता आणि एका शब्दाने बोलला नाही. का बोलेल? तिसऱ्या दिवशी ऐन वेळी उभा राहणार, फादर लेंटमध्ये चालतं म्हणाले असं सांगणार, आणि खुर्ची घेऊन जाणार. मी बसले माझा शब्द कुरवाळत. मेट्रोत मी मनातल्या मनात तीन शिव्या दिल्या, त्यातली एक तर मला येते हेही माहीत नव्हतं. अल बर्शाला उतरले ती सरळ केबिनमध्ये. अजीजभाईंना म्हटलं, उद्या मी उभी राहते.

त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. म्हणाले, बरं झालं, व्हर्ननला आज सकाळीच परत विचारलं होतं, तो नाहीच म्हणाला.

“काय म्हणाला?”

“लेंट आहे म्हणाला. नवरदेव म्हणून लेस्टरला उभा करतो. तुला चालेल ना?”

आता इथे मी म्हणायला हवं होतं, थांबा, माझी चूक झाली, मीही नाही. शब्द तोंडात आले होते. पण डोळ्यांसमोर ते दार आलं, आतून कडी असलेलं, आणि आत आई चहा करतेय. मी म्हटलं, चालेल. तुम्हाला काय म्हणायचं ते म्हणा. मी चालेल म्हटलं.

लेस्टरला विचारलं तेव्हा तो म्हणाला, त्याला काही अडचण नाही, घोड्याला लेंट नसतो.

व्हर्ननला मी सांगितलं नाही, लेस्टरने सांगितलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी व्हर्नन माझ्यासमोरून गेला. मला वाटलं आता शिव्या घालेल, घालायलाच हव्या होत्या. तो म्हणाला, बेल्टचं बक्कल मागे गेलंय, नीट कर. आणि नऊ नंबरच्या टेबलाकडे गेला, कारण मालक नऊ नंबरवर बसले होते आणि त्या दिवशी त्याची ड्युटी तिथे होती. मी बक्कल पुढे घेतलं.

नाटक झालं, जेडच्या जागी लेस्टर. विहीर, बंदुका, दुष्काळ, वासरू. वासराला टाळ्या पडल्या. मग अजीजभाई कॉलर लावून आले, हातात मेनूकार्डाला काळा कागद लावून केलेलं बायबल. मी आणि लेस्टर समोरासमोर उभे राहिलो. लेस्टरच्या तोंडाला चिकन विंग्जचा वास येत होता. अजीजभाईंनी इंग्लिशमध्ये विचारलं, या लग्नाला कोणाची हरकत असेल तर आत्ता बोला. नेहमी इथे कोणीतरी गिऱ्हाईक गंमत म्हणून ओरडतं. त्या दिवशी नेमका हॉल चिडीचूप.

मी व्हर्ननकडे पाहिलं. दोन्ही हातांत गरम प्लेटा, मालकाच्या खांद्यामागे ताठ उभा, मान खाली. बोल ना गाढवा, मी मनात म्हटलं. पण तो कसा बोलणार? मालकाच्या टेबलावर ड्युटी, आणि शब्द मी मोडलेला.

अजीजभाईंनी मला विचारलं. मला फक्त दोन शब्द म्हणायचे होते. सतरा वेळा म्हटले होते, बिल आणू का विचारावं तसे. अठराव्यांदा तोंड उघडलं आणि कळलं, हे आता मी खोटं म्हणू शकत नाही. लेस्टरला तर नाहीच, पण मोठी गोष्ट अशी की व्हर्ननला मला ते खरंच म्हणायचं होतं.

“माझी हरकत आहे,” मी म्हटलं. इंग्लिश सुचलंच नाही.

अजीजभाई बायबलाआडून कुजबुजले, पामेला, हे वाक्य तुझं नाही.

मी स्टेजवरून उतरले. क्लाराचा झगा दोन खुर्च्यांत अडकला, एका शेखांच्या मांडीवरचा नॅपकिन माझ्याबरोबर आला. नऊ नंबरसमोर जाऊन उभी राहिले. मालक पाहतायत, बाई पाहतायत, अख्खा हॉल पाहतोय.

“फादरनी तुला परवानगी दिली होती,” मी म्हटलं. “आठवडा झाला. मग नाही का म्हणालास?”

व्हर्नन लाल झाला. नंदाखालचे लोक लाल झाले की कानापासून होतात.

“फादर म्हणाले, नाटकात चालतं,” तो म्हणाला. “मला नाटकात चालत नाही. सतरा वेळा चाललं. आता नाही चालत.” मग म्हणाला, “बाजूला हो, प्लेट गरम आहे.”

मी बाजूला झाले. त्याने बाईंसमोर प्लेट ठेवली, मालकांसमोर ठेवली, एन्जॉय युअर मील म्हणाला. मग मागे वळून एका हाताने डोळे पुसले आणि दुसऱ्या हाताने पाण्याचा जग उचलला. माझ्या तोंडून हुंदका निघाला, तोही मोठ्याने.

इकडे स्टेजवर लेस्टर एकटा. हातात गुच्छ, समोर पाद्री, नवरी पळालेली. त्याने काय करावं? गुच्छ खाल्ला. खरंच, दोन पाकळ्या चावल्या, खिंकाळला आणि चार पायांवर हॉलभर दौडत सुटला. लोक हसून हसून टेबलांवर पडले. मालकीणबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांना मराठी कळलं नव्हतं, त्यांना वाटलं सगळं असंच लिहिलंय.

अल मजाजची खुर्ची लेस्टरला मिळाली. मालकांचं म्हणणं, परिस्थिती बिघडली तेव्हा एकच माणूस जागेवर राहिला. अजीजभाईंनी हे आम्हाला केबिनमध्ये सांगितलं तेव्हा ते आमच्याकडे न पाहता पेपरवेटकडे पाहत होते. वाईट वाटलं का? वाटलं, खोटं कशाला सांगू. टेबलक्लॉथच्या खोलीत जाऊन मी अर्धा तास रडले. त्या दारासाठी रडले, आईसाठी रडले, आणि घोड्याने नेली म्हणूनही रडले. व्हर्नन आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं, की मी शब्द मोडला, रागात मोडला, आणि राग गेल्यावरही परत घेतला नाही. तो म्हणाला, माहीत आहे. मग टेबलक्लॉथच्या गठ्ठ्यावर पाय लांब करून बसला. त्याला राग आला नव्हता असं नाही, आला होता, दोन दिवस होता. तिसऱ्या दिवशी वडापाव आला.

ईस्टरच्या सकाळी मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात ही गर्दी. सगळे नवे कपडे, सगळ्यांच्या हातात केक. व्हर्नन मला एका खांबाआड घेऊन गेला. गुडघ्यावर बसता येणार नाही, म्हणाला, बसलो तर तुलाच उठवावं लागेल. आणि विचारलं. नाटकातलं एकही वाक्य न वापरता, चार साध्या शब्दांत.

मला हो म्हणायचं होतं, पण त्याआधी एक गोष्ट साफ करायची होती. आदल्या दिवशी अजीजभाईंनी सांगितलं होतं की रास अल खैमालाही शाखा निघतेय आणि मॅनेजर पुन्हा आमच्यातूनच घेणार आहेत. मी म्हटलं, ऐक, मी त्या जागेसाठी अर्ज करणार. तू माझ्यासाठी माघार घेतलेली मला चालणार नाही. नाटकातल्या जेडसारखं विहीर तुझी, गाई तुझ्या, असलं काही केलंस तर मी इथूनच नाही म्हणून सांगते. मला कोणी दिलेली खुर्ची नको. तुझ्याशी भांडून मिळाली तर पाहिजे, आणि तुला मिळाली तर मी महिनाभर जळेन, तेही तुला सोसावं लागेल.

व्हर्ननने खिशातून फोन काढला आणि माझ्यासमोर धरला. अर्ज. सकाळी सहा वाजता पाठवलेला.

“मिस्सेच्या आधीच पाठवला,” तो म्हणाला. “तू झोपली असशील म्हटलं.”

मी त्याच्याकडे पाहिलं. असा आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. केक त्याच्या हातात दिला, माझा फोन काढला आणि तिथेच उभ्याने फॉर्म भरायला लागले. अनुभव अकरा वर्षं, भाषा पाच. तो खांद्यावरून डोकावून पाहत होता, मी कोपराने ढकललं. लोक सण मुबारक करत जात होते, तो माझ्या वतीने हात मिळवत होता. फॉर्म गेला, गेल्याचा मेसेज आला, आणि मग मी त्याला हो म्हटलं.